रीबा मॅकेंटायर : गायिकेची मालिकेतली नायिका कशी झाली?

अनुस्वार

नमस्कार. रीबा मॅकेंटायरकडे मी उलट्या वाटेने पोहोचलो. तिच्याच नावाची विनोदी मालिका मी आधी पाहिली, आणि त्यातली तांबड्या केसांची, तिखट जिभेची घटस्फोटित आई प्रत्यक्षात अमेरिकेतील कंट्री संगीतातली पहिल्या फळीची गायिका आहे, हे मला पाच-सहा भाग पाहून झाल्यावर कळले. मग तिची गाणी ऐकायला घेतली आणि मनात एक कोडे उभे राहिले.

मालिका ५ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाली तेव्हा रीबा ४६ वर्षांची होती आणि तिच्या पहिल्या करारालाही पाव शतक उलटून गेले होते. गायक पडद्यावर येतात ते बहुधा एखाद्या भागापुरते पाहुणे म्हणून, किंवा गिटार हातात घेऊन स्वतःच्याच रूपात. येथे मात्र एका गायिकेने सलग सहा हंगाम मुख्य भूमिका निभावली, २००४ मध्ये गोल्डन ग्लोबसाठी तिला नामांकनही मिळाले, आणि कामात कोठेही नवखेपणा दिसत नाही. ही तयारी झाली कोठे? तिने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले होते, की गाण्यातच असे काही होते जे येथे उपयोगी पडले? आणि या सहा वर्षांची किंमत तिच्या गाण्याला मोजावी लागली का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तबकडी

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, म्हणून तोच धागा पुढे नेतो. माझ्या मते रीबा २००१ मध्ये अभिनयाकडे वळली हे म्हणणेच फारसे बरोबर नाही. ती १९८६ पासून अभिनय करत होती. फरक इतकाच की तेव्हा तिला एका भूमिकेसाठी साडेतीन मिनिटे मिळत होती.

थोडे मागे जाऊ. ओक्लाहोमा राज्यातल्या चॉकी नावाच्या लहानशा वस्तीजवळ तिच्या वडिलांचे गुरांचे रँच होते. वडील क्लार्क मॅकेंटायर हे घोड्यावरून दोर टाकून बैल पाडण्याच्या रोडिओ प्रकारात तीन वेळा जगज्जेते झालेले. आईला स्वतःला गायिका व्हायचे होते, ते जमले नाही. रोडिओच्या गावोगावच्या लांब प्रवासात मुलांना गाडीच्या मागच्या आसनावर बसवून ती त्यांच्याकडून गाणी आणि त्यांतले वेगवेगळे सूर घोटून घेत असे. रीबा स्वतः पिंपांना वळसे घालत घोडा पळवण्याच्या शर्यतीत उतरायची. १९७४ साली ओक्लाहोमा सिटीत झालेल्या राष्ट्रीय रोडिओ अंतिम स्पर्धेत तिने राष्ट्रगीत गायले, ते गायक रेड स्टीगल यांनी ऐकले आणि त्यांच्यामुळे ती कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला पोहोचली. १९७५ च्या नोव्हेंबरात मर्क्युरी या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला.

यानंतरचा भाग चाहते घाईने उरकतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. तिचे पहिले गाणे बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ८८व्या स्थानापलीकडे सरकले नाही. पहिल्या क्रमांकाचे पहिले गाणे तिला मिळाले ते १९८३ च्या जानेवारीत, म्हणजे करारानंतर सात वर्षांनी. इतका काळ कंपनी तिच्या गळ्यात व्हायोलिनांच्या ताफ्यातली गुळगुळीत गाणी घालत होती. १९८४ साली, आता एमसीए कंपनीत आल्यावर, कोणती गाणी गायची हे ठरवण्याचा अधिकार तिने मागून घेतला आणि फिडल व स्टील गिटारच्या जुन्या वळणाकडे परतली. त्याच वर्षापासून सलग चार वर्षे कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार तिच्याकडे राहिला.

आपल्या प्रश्नाशी खरा संबंध आहे तो तिने गाणी कशी निवडली याचा. १९८६ मधले ‘हूएव्हर्स इन न्यू इंग्लंड’ घ्या, ज्याने तिला पहिले ग्रॅमी मिळवून दिले. नवरा कामानिमित्त वरचेवर बॉस्टनला जातो, तेथे दुसरी कोणी आहे हे बायकोला पुरते ठाऊक आहे, आणि ती भांडत नाही. त्या बाईचे तुझ्याशी संपले की घरी ये, तुझी जागा अजून येथे आहे, असे सांगते. हे गाणे नीट ऐका. कडव्यात तिचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, कोरडा आहे. ध्रुवपदाला चढताना स्वर उंच जातो, पण त्यात आक्रोश नाही. एक शब्द ती लांबवते, त्याला दोन-तीन मुरक्या देते आणि मध्येच सोडून देते, जणू पुढचे बोलवत नाही. याला मी अभिनय म्हणतो. तिची पहिली चित्रफीतही याच गाण्याची.

१९९१ मध्ये तिने ‘फॅन्सी’ गायले. मूळ गाणे बॉबी जेंट्रीचे, १९६९ चे. त्यात गरीब आई शेवटच्या पैशांतून मुलीला लाल झगा घेऊन देते आणि शहराकडे, कोणत्या वाटेने ते दोघींनाही माहीत असते, पाठवते. रंगमंचावर रीबा ते अंगात लांब काळा कोट घालून सुरू करायची, आणि ठरलेल्या ओळीला कोट खाली पडून आत लाल झगा दिसायचा. १९९३ मधल्या ‘डज ही लव्ह यू’ मध्ये तर दोन पात्रे समोरासमोर आहेत: एक पत्नी आणि एक प्रेयसी, दोघींचा प्रश्न एकच. दुसरा आवाज लिंडा डेव्हिसचा, जी रीबाच्याच दौऱ्यांत मागे उभी राहून साथ करत असे.

आता मालिकेच्या पहिल्या भागाकडे पाहा. ह्यूस्टनच्या उपनगरातली रीबा हार्ट, तिचा दंतवैद्य नवरा ब्रॉक, त्याच्या दवाखान्यातल्या बार्बरा जीनला त्याच्यापासून दिवस गेलेले, आणि त्यातच सतरा वर्षांची मोठी मुलगीही गरोदर. पत्नी, नवरा आणि दुसरी बाई हा त्रिकोण रीबाचे श्रोते पंधरा वर्षे ऐकत आले होते. मालिकेने तोच त्रिकोण उचलला, दुसऱ्या बाईला रोज सकाळी पहिलीच्या स्वयंपाकघरात आणून बसवले, आणि रडण्याच्या जागी हसू ठेवले. प्रेक्षकाला ही बाई नव्याने ओळखून घ्यावी लागली नाही.

नेपथ्य

तबकडी यांनी गाण्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी पडद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण गाण्यात नाट्य असणे आणि दर आठवड्याला नवी संहिता घेऊन उभे राहणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर तिने टप्प्याटप्प्याने कापले आहे.

पहिला चित्रपट १९९० चा ‘ट्रेमर्स’. नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखालून येणारे महाकाय किडे, असा तो सारा मामला. त्यात तिने हीदर गमर ही बंदुका जमवणारी बायको केली आहे. तळघराची भिंत फोडून किडा आत येतो आणि नवरा-बायको भिंतीवरची एकेक बंदूक उतरवून त्याच्यावर रिकामी करत जातात, हे दृश्य आवर्जून पाहावे. दोघांच्या वागण्यात घाबरगुंडीपेक्षा सवयीचा सफाईदारपणा अधिक आहे, आणि हसू येते ते त्यामुळेच. विनोदासाठी चेहरा गंभीर ठेवावा लागतो हे तिला तेव्हाच उमगले होते. पुढे दूरचित्रवाणीचे चित्रपट आले: १९९१ मध्ये केनी रॉजर्सच्या ‘गॅम्बलर’ मालेतला एक, १९९४ मध्ये तिच्याच ‘इज देअर लाइफ आउट देअर’ या गाण्यावरून बेतलेला एक, आणि १९९५ मध्ये ‘बफेलो गर्ल्स’, ज्यात ती नेमबाज ॲनी ओकली झाली.

परंतु माझ्या मते निर्णायक ठरले ते ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी. २००१ च्या पूर्वार्धात तिने ‘ॲनी गेट युअर गन’ या संगीतिकेत पुन्हा ॲनी ओकलीच उभी केली. ही बदली भूमिका होती. प्रयोग आधीपासून चालू होता. आठवड्याला आठ प्रयोग, रोज तीच वाक्ये, आणि रोज वेगळे प्रेक्षक. तिच्या कामावर न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी इतके भरभरून लिहिले की बदली कलाकाराला सहसा मिळत नाहीत असे खास पुरस्कार तिला देण्यात आले. तेथून ती लॉस एंजेलिसला गेली ती मालिकेसाठी.

आता मालिकेचे तंत्र. ही प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तीन-चार कॅमेऱ्यांनी चित्रित होणारी मालिका होती. ‘आय लव्ह लूसी’पासून, म्हणजे १९५१ पासून, ही पद्धत अमेरिकेत रुळलेली आहे. साधारणपणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी सारे टेबलाभोवती बसून संहिता मोठ्याने वाचतात. जेथे कोणी हसत नाही ती वाक्ये लेखक रात्रीतून बदलतात. मग दोन-तीन दिवस तालीम, लेखक व वाहिनीच्या माणसांसमोर एक-दोन सलग प्रयोग, पुन्हा बदल, एक दिवस कॅमेऱ्यांच्या जागा ठरवण्यात, आणि शेवटच्या संध्याकाळी प्रेक्षक आत येतात. पडद्यावर दिसणाऱ्या बावीसेक मिनिटांसाठी ते कित्येक तास बसलेले असतात. एखादा विनोद पडला तर लेखक तेथेच उभे राहून नवे वाक्य हातात देतात.

चित्रपटातून आलेला नट या पद्धतीत अनेकदा गडबडतो, कारण हशा ओसरेपर्यंत थांबायचे किती, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आधी बोलला तर वाक्य हशात बुडते, उशिरा बोलला तर प्रवेश थंड होतो. रीबाने मात्र पंचवीस वर्षे टाळ्यांच्या वर कसे यायचे याचाच सराव केला होता. मालिकेत मेलिसा पीटरमनची बार्बरा जीन काहीतरी भाबडे बोलते, आणि रीबा लगेच उत्तर देत नाही. ती मान किंचित वळवते, डोळे एका जागी स्थिर करते, प्रेक्षकांचा पहिला हशा अर्धा उतरू देते आणि मग दोन शब्दांत वार करते. संगीतात ज्याला आपण सम गाठणे म्हणतो, तसेच काहीसे ते आहे.

उच्चारांविषयीही लिहिले पाहिजे. अमेरिकन दूरचित्रवाणीवर दक्षिणी व ग्रामीण हेल फार काळ गावंढळपणाची खूण म्हणून वापरला गेला. १९७१ च्या सुमारास सीबीएस वाहिनीने ‘बेव्हर्ली हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’, ‘ही हॉ’ असे ग्रामीण वळणाचे कार्यक्रम, बऱ्यापैकी प्रेक्षक असतानाही, एका झटक्यात बंद केले. जाहिरातदारांना शहरी तरुण प्रेक्षक हवा होता. रीबाची ओक्लाहोमाची बोली ठसठशीत आहे, एका अक्षराचा शब्द ती सहज दोन अक्षरांचा करते. या मालिकेत तो हेल तसाच राहिला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातली सर्वांत शहाणी व्यक्ती तो हेल काढणारी होती. शिवाय हे घडले द डब्ल्यूबी या वाहिनीवर, जिची ओळख किशोरवयीनांच्या मालिकांमुळे झालेली होती. शुक्रवारच्या रात्री तेथे एक मध्यमवयीन कंट्री गायिका येऊन बसली आणि टिकली, हे वाहिनीवाल्यांच्या हिशेबातही क्वचितच बसले असते.

अनुस्वार

दोघांचेही मनापासून आभार. ‘ट्रेमर्स’मधील तळघराचे दृश्य लगेच शोधून पाहिले, आपण लिहिलेला सफाईदारपणा अगदी तसाच आहे. माझ्या प्रश्नाचा तिसरा भाग मात्र अजून शिल्लक आहे. या काळात गाण्याचे काय झाले?

रविवारचा वाचक

या भागाचे उत्तर मी देतो, आणि आधीच्या दोन्ही प्रतिसादांना थोडा विरोधही नोंदवतो.

गाण्याला किंमत मोजावी लागली, हे आकडेच सांगतात. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत तिची जवळजवळ दरवर्षी नवी तबकडी येत असे. १९९९ च्या ‘सो गुड टुगेदर’नंतर संपूर्ण नव्या गाण्यांची पुढची तबकडी, ‘रूम टू ब्रीद’, आली ती २००३ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात जुन्या गाजलेल्या गाण्यांचा एक संग्रह आला. मालिकेचे शीर्षकगीत त्याच संग्रहातल्या ‘आय ॲम अ सर्व्हायव्हर’चे आखूड रूप आहे. यादीत पहिल्या क्रमांकाची गाणी पाहिली तर ही दरी आणखी रुंद दिसते: १९९८ मध्ये ब्रुक्स अँड डन या गायकजोडीसोबतचे एक, आणि त्यानंतर थेट २००४ मधले ‘समबडी’. जी गायिका एकेका वर्षात दोन-तीन गाणी शिखरावर नेत होती, तिच्यासाठी सहा वर्षांचे अंतर लहान नाही. चित्रीकरणाचा हंगाम वर्षाचा मोठा भाग खातो. दौऱ्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी आणि काही शनिवार-रविवार एवढेच उरतात.

तरीही दोष सगळा मालिकेच्या माथी मारणे योग्य होणार नाही. कंट्री रेडिओवर चाळिशी ओलांडलेल्या गायिकेला जागा मिळणे तेव्हाही अवघड होते आणि आजही अवघड आहे. मालिका नसती तर तिची गाणी अधिक वाजली असती असे मला वाटत नाही; कदाचित तिचे नावच मागे पडले असते. मालिका संपली त्याच वर्षी, २००७ च्या सप्टेंबरात, आलेली तिची युगुलगीतांची तबकडी बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत, म्हणजे सर्व प्रकारच्या संगीताच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर उतरली. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत हे तिला प्रथमच साधले. २०१० च्या आरंभी ‘कन्सिडर मी गॉन’ चार आठवडे कंट्री यादीच्या शिखरावर होते, तेव्हा तिचे वय ५४ होते. एव्हाना मालिकेचे जुने भाग दुसऱ्या वाहिन्यांवर रोज पुन्हा दाखवले जात होते, आणि तिचे एकही गाणे न ऐकलेली माणसे तिला नावाने ओळखत होती. अनुस्वार, आपण स्वतःच त्याचे उदाहरण आहात.

आता विरोधाचा मुद्दा. तबकडी म्हणतात की गाण्यांतल्या पात्रांमुळे मालिकेचा पाया आधीच तयार होता. हे खरे असेल तर २०१२ मध्ये एबीसी वाहिनीवर आलेली ‘मालिबू कंट्री’ अधिक चालायला हवी होती. त्यात तर नायिका कंट्री गायकाचीच फसवली गेलेली पत्नी होती, नॅशव्हिल सोडून मुलांसह कॅलिफोर्नियात आलेली. आईच्या भूमिकेत लिली टॉमलिनसारखी मुरलेली अभिनेत्री होती. त्रिकोण तोच, हेल तोच, केसही तेच. १८ भागांत मालिका आटोपली. म्हणजे पात्राची ओळख पुरेशी नव्हती. पहिल्या मालिकेत आणखी काहीतरी होते, आणि माझ्या मते ते रीबाच्या समोर उभे असलेल्या माणसांत होते. ॲलिसन गिब्सन यांनी निर्मिलेल्या त्या घरात प्रत्येकाला आपली स्वतःची हौस आणि आपला स्वतःचा मूर्खपणा दिलेला आहे. जावई व्हॅन घ्या. फुटबॉलवेडा, डोक्याने जरा मंद, आणि तरीही सासूवर मनापासून माया करणारा. कोणत्याही गाण्यात बसणार नाही असे ते पात्र आहे.

इतर गायकांकडे पाहिले तरी हेच दिसते. ‘एकी ब्रेकी हार्ट’वाला बिली रे सायरस २००१ मध्येच ‘डॉक’ या मालिकेत माँटानाहून न्यूयॉर्कला आलेला डॉक्टर झाला, ती मालिका तीन वर्षे चालली, आणि पुढे ‘हॅना मोंटाना’मध्ये तो मुलीचा बाप म्हणून घरोघर पोहोचला; त्याच्या गाण्यांत पात्ररेखाटन असे फारसे नव्हतेच. उलट डॉली पार्टन, जिच्या गाण्यांत गोष्टींची खाण आहे, तिचा १९८७ चा एबीसीवरील संगीत-मनोरंजनाचा साप्ताहिक कार्यक्रम एका हंगामात बंद पडला. तो प्रकारच तोवर जुना झाला होता. तेव्हा गाण्यावरून मालिकेचे भाकीत करणे जरा जपूनच केलेले बरे.

तबकडी

रविवारचा वाचक यांचा ‘मालिबू कंट्री’चा दाखला बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. पात्राची ओळख दार उघडते. आत बसवून घेणारी माणसे वेगळी लागतात. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. पहिल्या मालिकेत त्या सर्व माणसांच्या वाट्याला सारखी जागा आलेली नाही. पहिल्या हंगामात ब्रॉक आणि रीबा यांच्या भांडणांना अधिक जागा आहे. हंगाम पुढे सरकतात तसे लेखकांच्या लक्षात आलेले दिसते की खरी जोडी रीबा आणि बार्बरा जीन यांची आहे, आणि ब्रॉक हळूहळू दोघींच्या मधला सोफा होतो. (ब्रॉकची भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर रिच यांच्या चाहत्यांनी क्षमा करावी.) ज्या बाईने आपला संसार मोडला तीच स्वतःला आपली जिवलग मैत्रीण समजते, आणि तिला हाकलूनही देता येत नाही, ही कल्पना सहा हंगाम पुरली.

शेवटही फारसा सन्मानाने झाला नाही, हे येथे नोंदवायला हवे. २००६ मध्ये द डब्ल्यूबी आणि यूपीएन या दोन वाहिन्या बंद होऊन त्यांच्या जागी द सीडब्ल्यू आली. नव्या वाहिनीने रीबाच्या मालिकेला अगदी शेवटच्या क्षणी केवळ १३ भागांचा हंगाम दिला, आणि १८ फेब्रुवारी २००७ रोजी ती संपली.

नेपथ्य

आणि म्हणूनच मला पुढची निवड बोलकी वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘हॅपीज प्लेस’ सुरू झाली तेव्हा रीबा ६९ वर्षांची होती. त्याआधीच्या दोन-चार वर्षांत तिने ‘बिग स्काय’ या गुन्हेमालिकेत गंभीर भूमिका करून पाहिली होती आणि ‘द व्हॉइस’मध्ये गायकांची मार्गदर्शक म्हणूनही ती बसली होती, तेवढ्यावर ती सुखाने राहू शकली असती. त्याऐवजी ती पुन्हा तीन भिंतींच्या सेटवर, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर आली. कथा टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या एका मद्यगृहाची आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर ते मुलीकडे येते, आणि त्यात निम्मा वाटा असलेली, कधीच न पाहिलेली तरुण सावत्र बहीणही सोबत येते. निर्माते केव्हिन ॲबट हे पहिल्या मालिकेच्या लेखन-निर्मितीतले जुने सहकारी, आणि गल्ल्यामागे उभी आहे मेलिसा पीटरमन. पहिल्याच भागात दोघी एका चौकटीत येतात तेव्हा रीबा पूर्वीसारखीच मान वळवते आणि थांबते. प्रेक्षक मात्र आता तिने तोंड उघडण्याआधीच हसू लागतात, त्यामुळे तिला पूर्वीपेक्षा थोडे अधिक थांबावे लागते.